चोक आत ढकलायची वेळ

२०२४ च्या मे महिन्यात अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागलं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता, लोकसभेचं मतदानही उरकून गेलं होतं. होतं ते फक्त ऊन. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला आणि प्रशासनाने जमावबंदीचं कलम उन्हापायी बाहेर काढलं. अशा मुलखात बसून गाडीच्या चोकवर निबंध लिहायचा म्हणजे पंचाईतच. चोक ही थंडीची सोय. सकाळी गारठलेलं इंजिन चालू व्हावं म्हणून थंड देशातल्या कुणीतरी काढलेली. जिथली माणसं वैशाखात खिशात कांदा ठेवून आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधून फिरतात, तिथे इंजिनला हिव भरतं ही तक्रार कोण ऐकून घेणार?

पण वऱ्हाडच्या उन्हाळ्याची कीर्तीच एवढी मोठी की आमच्या हिवाळ्याची कुणी दखल घेत नाही. दिवाळी सरली की बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या सगळ्या सपाटीवर पहाटेचा वारा कान धरतो आणि चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. मेळघाटात तर विचारूच नका. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. तिथल्या पहाटे अकोल्याचा माणूस स्वेटरवर स्वेटर चढवूनही दात वाजवतो. आणि गंमत अशी, की कापूसही नेमका याच दिवसांत घरी येतो. सीतादही होते, वेचणी सुरू होते, आणि मग शेतातून बाजारात, बाजारातून जिनात, जिनातून गाठी होऊन स्टेशनात अशी कापसाची वरात माघापर्यंत चालते. बंडीच्या बैलांना चोक लागत नाही. ट्रकला लागे. म्हणजे वऱ्हाडात कमाईचा हंगाम आणि चोकचा हंगाम एकच. उरलेले आठ महिने चोकचं बटण डॅशबोर्डवर नुसतं बसून खाई, पण त्या चार महिन्यांत त्याच्यावाचून पान हलत नसे.

हे ट्रक अर्थात पेट्रोलवरचे. शेवरलेट, फोर्ड, डॉज, फार्गो, बेडफोर्ड. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला आणि तिथून निघालेल्या शेवरलेट पार आमच्या जिनांच्या फाटकापर्यंत पोचल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने नको झालेल्या गाड्या मोडीत काढल्या, त्यांना सगळे 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेल्या अशा गाड्यांनी पुढे कुठे कुठे सरकी वाहिली, सागवान वाहिलं, लग्नाचं वऱ्हाडही वाहिलं. शौर्यपदक कुणाला मिळालं नाही, पण सेवा मोठी झाली.

या गाड्यांच्या डॅशबोर्डवर दोन बटणं असत. दिसायला सारखीच, प्रत्येकाच्या मागे एक तार, ती थेट कार्बोरेटरपर्यंत गेलेली. एक चोकचं, दुसरं थ्रॉटलचं. दुसऱ्याला उस्ताद लोक 'हाताचा एक्सलेटर' म्हणत. कार्बोरेटर म्हणजे मुळात एक नळी. तिच्यातून हवा आत शिरते आणि जाता जाता बारीक जेटमधून पेट्रोल ओढून नेते. या नळीत दोन चपट्या झडपा. वरची, तोंडाशी असलेली, चोकची. खालची थ्रॉटलची, पायाने एक्सलेटर दाबतो तेव्हा उघडते ती हीच. चोक ओढला की वरची झडप मिटते आणि हवेची वाट अडते. इंजिनाची ओढ मात्र तेवढीच राहते, त्यामुळे नळीत पोकळी वाढते आणि हवेच्या वाटणीची ओढ पेट्रोलवर पडते. तापलेल्या इंजिनाला एक भाग पेट्रोलबरोबर वजनाने पंधराएक भाग हवा लागते. पण पहाटे थंड लोखंडावर पेट्रोलची धड वाफ होत नाही, बरंचसं नळीच्या भिंतींनाच चिकटून राहतं. ठिणगीपर्यंत पुरेसं पोचावं म्हणून आधीच जास्त पाठवायचं. शंभर पत्रिका वाटल्या तर तीस माणसं जेवायला येतील, हा हिशेब ज्याला कळतो त्याला चोक कळला.

पहाटेच्या या कामाला दोन माणसं लागत. केबिनमध्ये उस्ताद, समोर हँडल घेऊन क्लीनर. बॅटरीवर चालणारा सेल्फ बहुतेक गाड्यांना होता, पण पहाटे बॅटरीचा भरवसा नसे आणि बॅटरी महाग. तेव्हा क्लीनर स्वस्त पडे. उस्ताद चोक ओढून बसे. क्लीनर बंपरमधल्या भोकातून हँडल आत घाली, आधी सावकाश एक-दोन फेरे फिरवी, म्हणजे पेट्रोल सिलिंडरात पोचे. मग उस्तादाने चावी फिरवली की खरा झटका. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून मिठी मारायची नाही, हा पहिला धडा. कारण इंजिन कधी उलटा फटका देई आणि अंगठा पलीकडे असला तर मनगटासकट जाई. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं; मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. मल्लखांब दाखवला ते योग्यच झालं. पण डिसेंबरच्या पहाटे गार पडलेल्या सहा सिलिंडरच्या शेवरलेटला हँडल मारणं हाही एक देशी व्यायामप्रकार होता, आणि त्याचं प्रात्यक्षिक बघायला कुणी जर्मनीहून आलं नाही.

गाडी एका फटक्यात लागली तर उस्तादाचं कौशल्य. नाही लागली तर क्लीनरच्या दंडात जोर नाही.

"काहून बे पोट्ट्या, रातच्याले जेवला नाही का?"

"जेवलो ना उस्ताद. पन गाडीनं लय पेट्रोल पेलं वाट्टे. वास येऊन राह्यला."

क्लीनरचं नाक बहुधा खरं सांगे. चोक जास्त वेळ ओढून ठेवला की पेट्रोलचा पूर येई, प्लग ओले होत आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडत नसे. मग चोक पूर्ण आत, एक्सलेटर पूर्ण खाली, आणि नुसती हवा जाऊ द्यायची. तरी ऐकलं नाही तर प्लग काढायचे, पुसायचे, शेकोटीवर धरून गरम करायचे आणि पुन्हा बसवायचे. तोवर पूर्वेला उजाडलेलं असे आणि जिनात पहिला नंबर दुसऱ्याच कुणाचा लागलेला असे. यापेक्षा बैल बरे, असं मनात प्रत्येकाच्या येई. बोलून कुणी दाखवत नसे, कारण ट्रक कर्जावर घेतलेला असे.

अकोल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे मी जुन्या गाड्यांच्या गोष्टी ऐकत बसतो. चोकवर त्यांचं एकच वाक्य आहे आणि ते त्यांनी बहुधा प्रत्येक शिकाऊ पोराला ऐकवलं असावं: "चोक वढता कोनाले बी येते, भाऊ. थो अंदर कवा ढकलाचा, हे ज्याले समजलं थो डायवर."

यावर विचार करावा तितका थोडा. गाडी चालू झाली की माणूस खुश होतो. हात चोळतो, बिडी पेटवतो, चहा मागवतो. इंजिन धडधडत असतं, मग आणखी काय हवं? पण चोक अजून बाहेर आहे. इंजिन तापत चाललं आहे, त्याला आता जादा पेट्रोल नको, हवा हवी. ती मिळत नाही म्हणून ते धुसफुसतं, मागून काळा धूर सोडतं, प्लगवर काजळी धरते, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून तळाच्या ऑइलमध्ये मिसळतं. ज्या उपायाने गाडी सुरू झाली, तोच उपाय आता तिला आतून खात असतो. आणि हे टाळायला काट्यांची पाटी नाही, दिवा नाही. कान लावून ऐकायचं. आवाजातला खरखरीतपणा गेला, एक संथ ठेका धरला, की बटण थोडं आत. इंजिन लगेच दबलं तर पुन्हा जरा बाहेर. नाही दबलं तर आणखी आत. घाई केली तर गाडी बंद पडते, उशीर केला तर खिसा रिकामा होतो. या दोहोंच्या मधली जागा पुस्तकात छापता येत नाही.

उन्हाळ्यात सगळं उलटं. चोक कुणी हाताळत नसे. तेव्हाचा रोग निराळा: पंपात आणि नळ्यांत पेट्रोलच उकळे, नळीत वाफेचे बुडबुडे अडकत आणि रस्त्यात भर दुपारी गाडी रुसून बसे. त्यावर औषध एकच. फडकं ओलं करून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचं आणि बाभळीच्या सावलीत बिडी ओढत बसायचं. म्हणजे वऱ्हाडातला ड्रायव्हर हिवाळाभर इंजिनाला ऊब देई आणि उन्हाळाभर त्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवी. विलायतेत गाडी बनवणाऱ्यांनी पहिल्याची सोय डॅशबोर्डवर करून दिली होती. दुसऱ्याची सोय आमच्या लोकांनी धोतराच्या सोग्यातून केली.

युद्धाच्या काळात तर हेही पेट्रोल मिळेना. रेशनिंग आलं, आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. गाडीच्या पाठीला किंवा कुशीला लोखंडी भट्टी जोडायची, तिच्यात लोणारी कोळसा भरायचा, पंख्याने वारा घालून निखारे फुलवायचे आणि निघालेला गॅस गाळून इंजिनला पाजायचा. इथे हवेचा खटका सारखा हाताळावा लागे, कारण निखारा फुलला की गॅसचं मान बदले. ताकद कमी, चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं आणि तिकीट काढलेल्या गाडीला आपणच ढकलायचं. आमच्याकडे आगगाडीचंही काही फार निराळं नव्हतं. यवतमाळ ते अचलपूर जाणाऱ्या शकुंतलेला मूर्तिजापूरमार्गे ओढणारं वाफेचं इंजिन १९२३ साली कामाला लागलं ते १९९४ पर्यंत टिकलं. त्याला निघण्याआधी तासन्‌तास पाणी तापवावं लागे. निघण्यापूर्वी तापायला वेळ लागतो, ही गोष्ट त्या काळी सर्वमान्य होती. माणसांच्या बाबतीत तर अमरावतीत ती आजही सर्वमान्य आहे.

आता दुसऱ्या बटणाविषयी. हाताचा एक्सलेटर ओढून ठेवला की पाय उचलला तरी इंजिन तेवढ्याच वेगाने फिरत राही. गाडी तापेपर्यंत ती बंद पडू नये, आणि उस्तादाला खाली उतरून दोर ताणता यावेत, हे त्याचं सरळ काम. वाकडं काम रस्त्यावर. बडनेऱ्यापुढचा रस्ता सरळ आणि सपाट. पाय अवघडला की काही उस्ताद बटण ओढून ठेवत आणि पाय मोकळा करून बसत. आज महागड्या मोटारीत हीच सोय क्रूझ कंट्रोल नावाने मिळते आणि तिचे वेगळे पैसे लागतात. फरक इतकाच, की नव्या गाडीत ब्रेकवर पाय पडताच ती आपोआप सुटते. जुन्यात ब्रेक एकीकडे ओढे आणि इंजिन दुसरीकडे, आणि मध्ये उस्ताद बटण शोधत असे. त्यात रात्री समोरून कापसाच्या बंड्या येत. बंडीवाला बोऱ्यांवर गाढ झोपलेला, बैल आपल्या अकलेने वाट चालत असलेले. म्हणजे दोन्ही बाजूंनी वाहनं आपोआप चाललेली. अशा वेळी बहुतेकदा बैलच बाजूला होत. दोघांत जागे तेच असत.

पुढे जीप आली, तिच्यातही ही दोन्ही बटणं. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि बीडीओ साहेबांची जीप हे खेड्यांतलं एक दैवत झालं. सरकारी जीपचा चोक खासगी गाडीपेक्षा जास्त वेळ बाहेर राहतो, असं एक निरीक्षण तेव्हाचे मिस्त्री नोंदवतात. इंजिन तेच, थंडी तीच. पेट्रोल कुणाचं, एवढाच फरक.

ट्रकमधला चोक मात्र तोवर मावळतीला लागला होता. १९५४ साली जनरल मोटर्सने मुंबईतलं काम आवरलं, आणि त्याच साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढायला सुरुवात केली. डिझेलला ठिणगी लागत नाही, कार्बोरेटर लागत नाही. सिलिंडरात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की आपसूक पेटतं. थंडीत मदतीला हीटरच्या तारा. चोकला जागाच उरली नाही. डॅशबोर्डवर तार असलेलं एक बटण मात्र राहिलं, ते ओढलं की पंपातून डिझेल बंद होऊन इंजिन थांबे.

इथे एका पिढीची फार तारांबळ उडाली. आमचे मिस्त्री सांगतात, पेट्रोलच्या गाड्यांवर केस पिकवलेला एक उस्ताद नव्या टाटावर आला. पहिल्या पहाटे सवयीने त्याने बटण ओढलं आणि सेल्फ मारला. गाडी लागेना. थंडी फार आहे असं म्हणून त्याने ते आणखी जोरात ओढलं. मग क्लीनरला शिव्या, मग मालकाला निरोप, मग गाडीवर लिंबू-मिरची. शेवटी क्लीनरच धीर करून म्हणाला, "उस्ताद, थे बटन अंदर ढकलून पाहू का?" गाडी लागली. उस्तादाने क्लीनरकडे अशा नजरेने पाहिलं की पोराने पुढचे कितीतरी दिवस तोंड उघडलं नाही. जुन्या गाडीत जीव आणणारी ओढ नव्या गाडीत जीव घेते, हे समजायला माणसाला थोडा अवधी द्यायला हवा. आपल्याकडे राजकीय पक्ष बदलणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.

ट्रकमधून निघालेला चोक मध्यमवर्गाच्या घरात शिरला. १९७२ साली बजाजची चेतक आली, त्याच वर्षी फिरोदियांची लुना आली, आणि चोक हे ज्ञान उस्तादांच्या मक्तेदारीतून सुटून मास्तर, कारकून, विमा एजंट अशा सर्वांच्या हाती पडलं. स्कूटर आधी एका कुशीवर कलती करायची, पेट्रोल पोचलं असं वाटलं की सरळ करायची, चोक ओढायचा, किक मारायची. रोज सकाळी अमरावतीच्या गल्ल्यांतून पुरुषमंडळी आपापल्या स्कूटरला वाकून नमस्कार करताना दिसत. नवऱ्याची किक बसत नसली की बायको ओट्यावरून विचारी, "चोक वढला का हो?" आणि नवरा, न ओढलेला चोक गुपचूप ओढत, "केव्हाचाच!" म्हणून सांगे. निघाल्यावर तो आत ढकलायचं अर्थात कुणालाच आठवत नसे. अर्धं गाव काळा धूर काढत कचेरीला पोचे आणि संध्याकाळी पेट्रोलच्या भावावर चर्चा करी.

मग फ्युएल इंजेक्शन आलं. मोटारींत आधी, दुचाक्यांत नंतर. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्याबरोबर चोकही गेला. आता गंमत पाहा. महाराष्ट्राने १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं नेमली होती. मागे पडलेल्या भागांचा अनुशेष भरून निघेपर्यंत जादा लक्ष, जादा हिशेब, अशी ती व्यवस्था. मुदत पाच वर्षांची. मुदतवाढ मिळत मिळत ती मंडळं जगली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. म्हणजे स्कूटरचा चोक आणि विदर्भाचा चोक एकाच महिन्यात गेला. टाळेबंदी होती, रस्ते रिकामे होते. दोन्ही बातम्या कुणी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या नसाव्यात.

यावर आमच्या चहाच्या टपरीवर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, इंजिन गरम झालंच नव्हतं, तेव्हा चोक बंद करणं अन्याय. दुसरा म्हणतो, पंचवीस वर्षं चोकवर चालूनही इंजिन गरम होत नसेल तर दोष चोकचा नाही, पिस्टन बघा. मी दोघांच्याही चहाचे पैसे देतो. मला यात तिसरीच गोष्ट खटकते. पंचवीस वर्षांत बटणाला हात लावून, आता थोडं आत ढकललं तर इंजिन दबतं का, एवढं बघायला केबिनमध्ये कुणी बसलेलं होतं का? मुदत आली की वाढवायची, वाढवायचं राहिलं की संपली. कॅलेंडर बघून चोक ढकलणारा ड्रायव्हर अकोल्याच्या कुठल्या मालकाने ठेवला असता?

एकदा हा चष्मा लागला की ओढलेले चोक चहूकडे दिसू लागतात. पाहुण्यांसाठी आठवडाभर अंगणात टाकलेलं टिनाचं शेड, त्यात आता नातवंडांच्या सायकली आहेत. पावसाळ्यापुरता म्हणून वळवलेला रस्ता. 'काम चालू' अशी पाटी, जिच्यावरचा रंग उडून फक्त 'चालू' उरलं आहे. अमरावती-अकोला महामार्गाचीच गोष्ट घ्या. कितीतरी वर्षं तो खड्ड्यांसाठी आणि वळणमार्गांसाठी प्रसिद्ध होता. वळणमार्ग इतके जुने झाले की त्यांच्यावर धाबे निघाले. मग २०२२ च्या जूनमध्ये काय झालं कुणास ठाऊक, ३ तारखेपासून ७ तारखेपर्यंत, १०५ तास ३३ मिनिटांत, ७५ किलोमीटर डांबरी थर सलग अंथरला गेला आणि गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. इतकी वर्षं गाडी चोकवर फुरफुरत होती आणि मग कुणीतरी एकदम हाताचा एक्सलेटर पुरता ओढून दिला. मधला संथ ठेका आम्हाला जमत नाही, हे खरं.

तसं पाहिलं तर चोक गेलेला नाही. आजच्या इंजिनालाही पहाटे जादा पेट्रोल लागतंच, लोखंडाचा स्वभाव बदललेला नाही. फक्त किती द्यायचं आणि केव्हा कमी करायचं, हे एक सेन्सर पाण्याचं तापमान बघून ठरवतो. तो बिडी पेटवत नाही, चहा मागवत नाही, आणि विसरत नाही. मिस्त्री यावर नाराज असतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "नाराज कायले होऊ, भाऊ? जे डायवरले जमत नोहतं, थे डबीले जमते. बरंच झालं." मग जरा थांबून म्हणाले, "पन डबीले फक्त इंजिनचं जमते."

हाताचा एक्सलेटर मात्र अजून जिवंत आहे, ट्रॅक्टरवर. सोयाबीन किंवा तूर काढायला मळणी यंत्र जोडलं की ट्रॅक्टर एका जागी उभा राहतो, पट्टा फिरतो, आणि इंजिनाला दिवसभर एकाच गतीने चालायचं असतं. तिथे पायाचा उपयोग नाही. दांडी हव्या त्या खुणेवर ठेवायची आणि माणसाने खाली उतरून पेंढ्या टाकायच्या. चोक गेला आणि हा राहिला, यात मला न्याय दिसतो. एक सुरुवातीपुरता होता. दुसरा कामासाठी आहे, आणि काम संपलेलं नाही.

तेव्हा माझी सरकारला एक नम्र सूचना आहे. जुन्या ट्रकच्या चोकमध्ये एक मोठा गुण होता: ओढला की तो बोटभर बाहेर यायचा आणि आत जाईपर्यंत बाहेरच दिसायचा. गुडघ्याला लागायचा, बाहीत अडकायचा, शेजारी बसलेला पाहुणाही विचारायचा, "हे काय बाहेर आलंय?" कागदावरच्या तात्पुरत्या व्यवस्थेला असं काही बाहेर येत नाही, म्हणून ती विसरली जाते. यापुढे ज्या ज्या शासननिर्णयावर 'तात्पुरत्या स्वरूपात' असे शब्द असतील, त्याला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलाला एक गोल बटण तारेसकट बसवावं, आणि व्यवस्था चालू आहे तोवर ते बोटभर बाहेर ठेवावं. साहेब उठता-बसता त्यांच्या पोटाला ते टोचत राहील. बदली झाली तर नव्या साहेबांच्या पोटाला. बटणाच्या खर्चाचं अंदाजपत्रक आमचे मिस्त्री माफक दरात करून देतील. मात्र सुरुवातीला प्रायोगिक तत्त्वावर, तात्पुरत्या स्वरूपात, एकाच जिल्ह्यात करून बघावं असं त्यांचं म्हणणं आहे.